मान मोडू का?

दाढी झाली की आमच्या सलूनवाल्या मामांचा एक हात आपोआप माझ्या हनुवटीखाली यायचा. दुसरा डोक्याच्या मागे, कानाच्या जरा वर. मग ठरलेला प्रश्न, "मोडू का सर?" मी डोळे मिटून मान ढिली सोडायचो, तेच माझं उत्तर. मामा डोकं हळूच डावीकडे न्यायचे, उजवीकडे न्यायचे, पुन्हा डावीकडे, जणू कुलूप जुनं आहे आणि किल्ली कुठे लागते ते चाचपतायत. आणि मी बेसावध झालो की हिसका. कड्‌कड्‌कड्‌. बाकावर पेपर वाचत बसलेलं गिऱ्हाईकसुद्धा मान वर करून बघायचं. मग दुसरी बाजू. दुसऱ्या बाजूला आवाज कमी आला तर मामांना तो स्वतःचा अपमान वाटायचा. "धरून ठेवली तुम्ही," असं मलाच बोलायचे आणि पुन्हा एकदा.

अठरा वर्षं हे चाललं. कटिंगचे पैसे वेगळे, दाढीचे वेगळे, मान मोडायचे पैसे नाहीत. ते आपलं प्रेमाचं.

मी मुद्रितशोधक. 'मान मोडून काम करणे' हा वाक्प्रचार मी किती पुस्तकांतून तपासून पुढे सोडला असेल देव जाणे, पण आमच्या धंद्यात तो वाक्प्रचार नसून दिनक्रम आहे. दिवसाचे आठ तास डोकं कागदावर वाकलेलं, आता कागदाऐवजी स्क्रीनवर. महिन्यातून दोनदा मामांच्या खुर्चीत तो कडकडाट झाला की खांद्यावरून पोतं उतरल्यासारखं वाटायचं. ते हलकेपण खोटं नव्हतं, हे आधीच सांगतो. पुढचं सगळं वाचून कुणी म्हणेल की हा माणूस उगाच एका गरीब कारागिराच्या नावाने बोटं मोडतोय. तसं नाही.

बोटं मोडण्यावरून आठवलं. हा आवाज हाडांचा नसतोच. सांध्यात वंगणासारखा एक द्रव असतो. सांधा झटकन ताणला की आतला दाब एकदम उतरतो आणि त्या द्रवात वायूची पोकळी तयार होते. २०१५ साली कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या मंडळींनी एका माणसाचं बोट एमआरआयमध्ये ठेवून ओढलं आणि ती पोकळी होताना पाहिली. त्याआधी कितीतरी वर्षं, बुडबुडा फुटतो म्हणून आवाज येतो असं मानत. आणि बोटं मोडल्याने संधिवात होतो ही समस्त आयांची धमकी तपासायला अमेरिकेतल्या डोनाल्ड अंगर नावाच्या डॉक्टरांनी पन्नासहून जास्त वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली, उजव्याची नाही. दोन्ही हातांत काही फरक पडला नाही. त्यांना २००९ चा इग्नोबेल मिळाला, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात तो पुरस्कार. सांगायचं ते इतकंच की आवाज आला म्हणजे काहीतरी 'जागेवर बसलं' असं नसतं. सोड्याची बाटली उघडतानाही आवाज होतोच.

पण 'जागेवर बसणं' ही कल्पना आपल्या हाडीमासी आहे. लहानपणी आमच्या गल्लीत कुणाला उसण भरली की पायाळू माणसाचा शोध सुरू व्हायचा. पायाळू म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो. आजी ओट्यावर पालथी पडायची आणि शेजारच्या वाड्यातला बारा-तेरा वर्षांचा पायाळू मुलगा लाजत लाजत तिच्या कमरेला तीनदा पाय लावायचा. मोबदला म्हणून गुळाचा खडा. आजी उठून कामाला लागायची. आता मला वाटतं, त्या उपचारातली सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे तो नुसता पाय लावायचा, हिसका द्यायचा नाही.

माझा मावसभाऊ एकेचाळीस वर्षांचा. हिंजवडीत नोकरी, गोळ्या कसल्याच चालू नाहीत, दर रविवारी सिंहगड चढणारा. तीन वर्षांपूर्वी दिवाळीहून परतताना रात्रभर ट्रॅव्हल्सच्या बसमध्ये वेडावाकडा झोपला आणि मान धरली. डावी बाजू, कानामागून वर डोक्यापर्यंत. मलम झालं, शेक झाला, बायकोने लाटणं फिरवून झालं. चौथ्या दिवशी त्याने मोबाइलवर ते व्हिडिओ बघितले. तुम्हीही बघितले असतील. एक उत्साही माणूस, टेबलावर झोपलेला पेशंट, पेशंटच्या कॉलरला खास आवाज पकडायला लावलेला माइक, मग कड्‌कन, आणि पेशंटचं ते सुटकेचं हसू. त्याने वेळ घेतली. क्लिनिक चकाचक, भिंतीवर पाठीच्या कण्याचं मोठं चित्र, दीड हजार रुपये. मान दोन्ही बाजूंना मोडली. आधी काय होतं, केव्हापासून, दुखणं नेहमीसारखं आहे की वेगळं, हे कुणी विचारलं नाही. बाहेर पडल्यावर त्याने मला मेसेज केला, "जादू आहे रे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो उठला तर घर फिरत होतं. उलट्या झाल्या. फराळाचं तेल बाधलं, असं सर्वानुमते ठरलं. मग उचकी लागली. साधी नाही, थांबेचना. मावशी तिथेच होती. तिने रीतीप्रमाणे एकेकाचं नाव घ्यायला सुरुवात केली. कोण एवढी आठवण काढतंय? नागपूरची आत्या, अमेरिकेतला मित्र, माझंही नाव घेतलं म्हणे. उचकी थांबली नाही. चमचाभर साखर दिली. वर पाणी प्यायला गेला तर ते घशातून उतरेना, नाकातून परत आलं. आवाज घोगरा झाला. तरी सगळ्यांचं एकच, ॲसिडिटी.

दुपारी जरा थांबल्यासारखं वाटलं म्हणून तो न्हाणीघरात स्टुलावर बसून आंघोळ करायला लागला. उजव्या हातावर तांब्या ओतला, पाणी कोमट. गीझर बिघडला वाटतं, असं म्हणत त्याने डावा हात बादलीत घातला आणि ओरडला. पाणी कढत होतं. पुन्हा उजवा हात घातला, कोमट. उजव्या मांडीवर ओतलं, कोमट. डाव्या मांडीवर, चटका. तो आयटीतला माणूस. त्याने तिथे बसून तीन-चार वेळा प्रयोग करून पाहिला म्हणे. मग बायकोला हाक मारली. ती दारात आली आणि तिने पाहिलं की त्याची डावी पापणी अर्धी खाली उतरली आहे. तिथून पुढे कुणी ॲसिडिटीचं नाव काढलं नाही.

एमआरआयमध्ये मेंदूच्या देठाच्या डाव्या कडेला छोटा स्ट्रोक दिसला. मानेच्या रक्तवाहिन्यांच्या तपासणीत डावी व्हर्टिब्रल धमनी आतून फाटलेली होती.

शाळेच्या पुस्तकात धमनीला रोहिणी म्हणत. मला तो शब्द जास्त आवडतो, पण दवाखान्यात कुणी रोहिणी म्हणत नाही. तिथल्या न्यूरॉलॉजिस्ट बाईंनी चिठ्ठीच्या मागच्या बाजूला पेनाने चित्र काढून दाखवलं. मानेचे सात मणके. प्रत्येकाला दोन्ही बाजूंना एकेक भोक. ही धमनी छातीच्या वरून निघते, खालून दुसऱ्या, म्हणजे सहाव्या मणक्याच्या भोकात शिरते आणि एकावर एक सहा भोकांतून, मण्यांतून दोरा ओवावा तशी वर चढते. इथपर्यंत रस्ता सरळ. पण सगळ्यात वरच्या, पहिल्या मणक्याशी आल्यावर ती एकदम मागे वळते, मणक्याच्या पाठीवरच्या खाचेतून आडवी जाते, परत वळून कवटीत शिरते. घाटातलं वळण. तिथे पलीकडून तिची जोडीदारीण येते आणि दोघी मिळून मेंदूचा देठ, लहान मेंदू आणि मेंदूचा नजर सांभाळणारा मागचा भाग पोसतात. आणि गंमत अशी, म्हणजे गंमत नाहीच, की आपण मान वळवतो तेव्हा जवळजवळ अर्धं वळणं पहिल्या आणि दुसऱ्या मणक्यांच्या मधल्या सांध्यात होतं. नेमकं त्या घाटात. डोकं उजवीकडे फिरवलं की डावी धमनी तिथे ताणली जाते.

फाटणं म्हणजे फुग्यासारखं फुटणं नव्हे. आजोबांच्या बंडीचा खिसा आतून उसवला की नाणं खाली जमिनीवर पडत नाही. ते कापड आणि अस्तर यांच्या मधे शिरतं, आणि बंडी झटकली की कुठेतरी काठाशी खुळखुळतं. धमनीला असंच अस्तर असतं. त्याला चीर गेली की रक्त अस्तराच्या मागे घुसतं आणि भिंतीतच फुगवटा येतो. खरी वाट आतल्या आत बुजत जाते. चिरेवर गुठळी धरते आणि त्या गुठळीचा तुकडा सुटून वर गेला की स्ट्रोक. हे मिनिटात होऊ शकतं, दोन दिवसांनी होऊ शकतं, कधी आठवड्यांनी. म्हणून माणसाला खुर्ची आणि स्ट्रोक यांचा संबंध लागत नाही.

मावसभावाला जे झालं त्याला वॉलेनबर्ग सिंड्रोम म्हणतात. डांझिग, म्हणजे आताच्या पोलंडमधलं ग्दान्स्क, इथल्या आडोल्फ वॉलेनबर्ग यांनी १८९५ साली एका रोग्याचं सविस्तर वर्णन लिहिलं. चक्कर, गिळता न येणं, चेहऱ्याची एक बाजू आणि अंगाची दुसरी बाजू यांना गरम-गार न कळणं. त्या वेळी मेंदूत डोकावायचं यंत्र नव्हतं. त्यांनी नुसत्या लक्षणांवरून सांगितलं की इजा इथे, अमुक रक्तवाहिनीच्या क्षेत्रात आहे. रोगी गेल्यावर शवविच्छेदन झालं, १९०१ मध्ये ते प्रसिद्ध झालं, आणि बोट जिथे ठेवलं होतं तिथेच इजा निघाली.

आता योगायोग बघा. तेच १८९५ साल, अमेरिकेतलं आयोवा राज्य, डॅव्हनपोर्ट गाव. डॅनियल डेव्हिड पामर नावाचे एक गृहस्थ तिथे चुंबकीय उपचार करीत. सप्टेंबरात त्यांनी आपल्याच इमारतीतल्या, बऱ्याच वर्षांपासून ऐकू न येणाऱ्या सफाई कामगाराच्या पाठीचा एक मणका दाबून 'जागेवर बसवला' आणि त्याला ऐकू येऊ लागलं, असा त्यांचा दावा. ऐकण्याची नस पाठीच्या कण्यातून जातच नाही, ती कानातून थेट मेंदूच्या देठात जाते. पण दाव्याला नसेची अडचण कधी आली आहे? दोन वर्षांत पामरांनी शाळा काढली. बहुतेक सगळ्या रोगांचं मूळ सरकलेल्या मणक्यात, हा त्यांचा सिद्धांत. ग्रीक भाषेतल्या 'हात' आणि 'करणं' या शब्दांवरून 'कायरोप्रॅक्टिक' असं नाव ठेवलं. हस्तक्रिया म्हणा हवं तर. १९०६ मध्ये परवान्याशिवाय वैद्यकी केली म्हणून ते तुरुंगातही जाऊन आले. आज अमेरिकेत आणि कॅनडात कायरोप्रॅक्टर हा परवानाधारक व्यवसाय आहे, आणि त्यातले पुष्कळ जण पामरांचा तो सिद्धांत बाजूला ठेवून पाठदुखी-मानदुखीपुरतंच काम करतात. हेही सांगायला हवं.

दवाखान्याच्या बाकावर बसून मला राग आला होता तो सरळ होता. मान मोडली, धमनी फाटली. गुन्हेगार ठरलेला. मी त्या क्लिनिकबद्दल कुठे तक्रार करता येईल ते शोधायलाही लागलो होतो. तेवढ्यात न्यूरॉलॉजिस्ट बाईंनी मावसभावाला विचारलं, "पण आधी चार दिवस मान का दुखत होती तुमची?"

"बसमध्ये झोपलो होतो वाकडा."

"असेल. किंवा तेव्हाच चीर गेली असेल."

या एका वाक्यात सगळा वाद आहे. धमनीला चीर गेली की पहिलं लक्षण बऱ्याचदा मानदुखी आणि डोकेदुखी हेच असतं. जोराची शिंक, छत रंगवताना वर बघत राहणं, किरकोळ अपघात, कशानेही ती जाऊ शकते, कधी काहीच न होता जाते. आता मान दुखणारा माणूस कुठे जाणार? मान मोडणाऱ्याकडेच. मग स्ट्रोक येतो, आणि कोण आधी, कोण नंतर, ते कळायला मार्ग राहत नाही. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात हे तपासायचा दोनदा मोठा प्रयत्न झाला. २००१ च्या अभ्यासात दिसलं की अशा प्रकारचा स्ट्रोक आलेल्या पंचेचाळिशीखालच्या लोकांनी आधीच्या आठवड्यात कायरोप्रॅक्टर गाठलेला असण्याचं प्रमाण इतरांच्या पाचपट होतं. झालं, सिद्ध झालं, असं वाटावं. मग २००८ मध्ये त्याच प्रांतातले ८१८ रुग्ण घेऊन दुसरा अभ्यास आला. त्यात कायरोप्रॅक्टरशी संबंध दिसला, पण तितकाच संबंध साध्या फॅमिली डॉक्टरकडे जाण्याशीही दिसला. फॅमिली डॉक्टर तर मान मोडत नाही. म्हणजे दुखणं आधीच होतं, ते घेऊन माणसं दोन्हीकडे गेली, असा अर्थ त्या संशोधकांनी लावला. कॅलगरीत २००२ साली मृतदेहांवर मोजून पाहिलं, तर हिसक्यात धमनी जितकी ताणली जाते त्याहून जास्त नुसती मान पूर्ण फिरवताना ताणली जाते असं निघालं. कायरोप्रॅक्टर मंडळी हा दाखला आवर्जून देतात, आणि देऊ देत. मला एवढंच वाटतं की मृतदेहाची धमनी धडधाकट असेलही, प्रश्न आधीच चीर गेलेल्या धमनीचा आहे.

धोका किती, याचे आकडे वीस हजारांत एकापासून पन्नास लाखांहून अधिकांत एकापर्यंत पसरलेले आहेत. मुद्रितात असा फरक आला तर मी लेखकाला फोन करतो. इथे फोन कुणाला करणार? गोष्ट विरळा आहे एवढं नक्की. सगळ्या वयांचा हिशेब धरला तर गुठळीने येणाऱ्या स्ट्रोकपैकी जेमतेम दोन टक्के धमनी अशी फाटल्यामुळे येतात. पण तरुणांच्या स्ट्रोकमध्ये हे एक मोठं कारण आहे. आणि अमेरिकन हार्ट असोसिएशन आणि अमेरिकन स्ट्रोक असोसिएशन यांनी २०१४ मध्ये बरंच तोलूनमापून सांगितलं की मान मोडल्यानेच धमनी फाटते असं सिद्ध झालेलं नाही, मात्र संबंध दिसतो, तेव्हा मानेला हात लावण्याआधी पेशंटला हे सांगा. दीड हजार रुपयांत मावसभावाला एवढं एक वाक्य मिळायला हवं होतं. आणि चीर आधीचीच होती असं धरलं, तर क्लिनिकची बाजू सुटते असं मला वाटत नाही. फाटक्या बंडीला कुणी पिळून वाळत घालत नाही.

हे फक्त त्या चकाचक टेबलाचं नाही. १९९३ मध्येच न्यूयॉर्कच्या एका न्यूरॉलॉजिस्टने ब्यूटी पार्लरमध्ये बेसिनवर डोकं मागे टाकून केस धुतल्यानंतर त्रास झालेल्या पाच बायकांची नोंद केली होती. २०२२ मध्ये हैदराबादेत तसंच घडल्याच्या बातम्या आल्या. २०२४ मध्ये बेल्लारीच्या एका तरुणाची बातमी होती. सलूनमध्ये डोक्याची मालिश, शेवटी मान मोडणं, तेही फुकट, आणि काही तासांत बोलणं अडखळायला लागलं. त्याची मानेच्या पुढची, कॅरॉटिड धमनी फाटली होती. 'फुकट' या शब्दापाशी मी थांबलो. आपल्याकडे गावोगावच्या खुर्च्यांत रोज किती माना मोडल्या जात असतील, त्याची वही कोण ठेवणार?

मावसभाऊ दहा दिवसांनी घरी आला. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या काही महिने, गिळण्याचे व्यायाम, भिंत धरून चालण्याचे व्यायाम. सहा महिन्यांनी पुन्हा तपासलं तर धमनीचं अस्तर बरंचसं जुळून आलं होतं. अशा बहुतेक चिरा आपणहून भरतात म्हणे, फक्त मधल्या काळात गुठळी वर जायला नको. आता तो सिंहगड चढतो, सावकाश. पापणी थकल्यावरच उतरते. उजव्या अंगाला मात्र अजून गरम-गार कळत नाही. रोज सकाळी तो आधी डावा हात बादलीत घालतो. उचकी मात्र पुन्हा कुणाला लागली की मावशी नावं घेत नाही. "गिळता येतंय ना?" एवढंच विचारते, आणि अख्ख्या घराचा श्वास अडकतो.

राहिले मामा. त्यांना नाही म्हणायला मला चार महिने लागले. पहिल्या वेळी सांगितलं, आज घाई आहे. दुसऱ्या वेळी, सर्दी आहे. तिसऱ्या वेळी मी दाढी घरीच करून फक्त कटिंगला गेलो, तरी हात हनुवटीखाली आलाच. अठरा वर्षांच्या फुकट प्रेमाला धमनीचं चित्र काढून दाखवायचं म्हणजे काय, ते ज्याच्यावर वेळ आली त्यालाच कळेल. शेवटी एका दुपारी दुकान रिकामं असताना मी मावसभावाची गोष्ट सांगितली. उचकीपासून, बादलीसकट. मामा कात्री पुसत ऐकत होते.

"पण ते क्लिनिकवालं ना?" ते म्हणाले. "आपलं तसं नाही सर. चाळीस वर्षं झाली. माझ्या बापाचा हात आहे हा."

मी म्हणालो, "हात चांगलाच आहे मामा. माझ्या मानेत काय आहे ते मात्र तुम्हालाही दिसत नाही अन् मलाही."

ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "मग काय करू? नुसतं सोडू?" मी म्हटलं, डोक्याला तेल लावून द्या. त्यांनी लावून दिलं, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ, आणि त्याचे वीस रुपये घेतले. ते मला बरं वाटलं.

दुसऱ्या गिऱ्हाइकांच्या माना ते अजून मोडतात. तसा आवाज आला की बाकावर माझा हात आपसूक मानेकडे जातो. पण गेल्या काही महिन्यांत मी एक बघतोय. आधी विचारतात, "दुखतंय का कुठं? नवीन आहे का दुखणं? एकाच अंगाला आहे का?" कुणी हो म्हणालं की मान सोडून देतात आणि म्हणतात, "मग आधी डॉक्टरला दाखव." मी बाकावर आहे म्हणून विचारतात, की मी नसतानाही, ते मला माहीत नाही.

माझी दाढी झाली की त्यांचा हात सवयीने हनुवटीपाशी येतोच. बोटं जरा टेकतात, थांबतात, आणि मग तुरटीकडे जातात.